दादाच्या जपानी कॅसेट

माझा मोठा भाऊ बहिरा होता आणि गाण्यांच्या कॅसेट विकत आणायचा.

त्याही जपानी.

आज दादाचा स्मृतिदिन. सकाळपासून माझी पोरं ग्रुपवर लिहितायत, "मामा किती शांत होता."

शांत? त्याला ऐकू येत नव्हतं एवढंच. बाकी डोकं खाण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

ऐंशीच्या दशकात तो अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. नवीन मशीन जपानहून आलं, ते बसवायला एक जपानी इंजिनीअर आला. जाताना त्याने दादाला एक कॅसेट भेट दिली.

झालं. तिथून येड लागलं.

त्याच मशीनने पुढे त्याचे कान खाल्ले. कानात कापूस घाल म्हणून आई रोज ओरडायची. हा म्हणायचा, "मग मशीन बिघडलं ते कसं कळणार?"

मशीनची काळजी. कानांची नाही.

कॅसेट मिळायच्या उल्हासनगरला. तिथे कापडाचे एक सिंधी व्यापारी होते, त्यांचा साडू जपानला, कोबे शहरात. जपानी कापडाच्या गठ्ठ्यातून दादाची कॅसेट यायची. त्या सिंधी काकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते कव्हर बघून सांगायचे,

"साईं, इस बार दो छोकरीवाला आया है, एक बालवाला."

छोकरीवाला म्हणजे फ्रॉक घातलेल्या गोड गोड पोरींचा अल्बम. बालवाला म्हणजे कंबरेपर्यंत केस सोडलेले रॉकवाले बाप्ये. आमच्या घरात हेच शब्द रूढ झाले. आईसुद्धा विचारायची, "आज काय आणलंस, बालवाला का?"

त्याला ऐकू येईनासं झालं तेव्हा मला वाटलं, चला, हे तरी थांबेल.

कसलं थांबतंय!

नवी कॅसेट टेपमध्ये घालायचा, एक हात स्पीकरवर ठेवायचा आणि मला समोर बसवायचा.

"शोभे, सांग."

"काय सांगू?"

"काय चाललंय ते. कोण गातंय?"

त्याच्या उजव्या कानात थोडी धुगधुगी होती. तिथे तोंड नेऊन मी बोंबलायचे, "पोरगी गातेय!"

"कशी?"

"दाढ दुखत असल्यासारखी!"

"आणि ड्रम?"

"पत्र्यावर नारळ पडतायत!"

"म्हणजे कसंय?"

"भिकार आहे दादा! पैसे पाण्यात!"

यावर माणसाने नाराज व्हावं की नाही? हा खूश. मान डोलवत म्हणायचा, "मागच्या अल्बमला बरी होती ना गं ही?"

जशी काही त्याने ती ऐकली होती!

त्याचं लग्न झालं तेव्हा हे काम मी वहिनीच्या गळ्यात घातलं आणि सुटले. पुढे माझंही लग्न झालं, बदलापूरला शिरगावात आले.

तर एका रविवारी हा दारात. हातात पिशवी, पिशवीत कॅसेट. वरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नाही.

मी कानात ओरडले, "अरे, वहिनी आहे ना घरी!"

"ती सगळ्यालाच छान म्हणते. मला बरं वाटावं म्हणून," दादा म्हणाला. "तू खरं सांगतेस."

म्हणजे माझ्या खेकसण्यावर याचा भरवसा! कपाळाला हात लावला आणि चहा टाकला.

मग काय, कॅसेट आली की रविवारी शिरगाव. सासूबाई म्हणायच्या, "तुझा भाऊ आला की शेजारचे विचारतात, भांडण कुणाचं चाललंय?"

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्याला कावीळ झाली. ती उलटली. उल्हासनगरलाच एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं.

एका दुपारी ते सिंधी काका स्वतः बघायला आले. येताना कॅसेट आणली. "बालवाला है," म्हणाले आणि डोळे पुसत निघून गेले.

दादाने कॅसेट वॉकमनमध्ये घातली आणि हेडफोन माझ्याकडे दिला.

"सांग."

त्या सकाळीच डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. वहिनीलाही अजून बोलले नव्हते. तोंड धुऊन आत आले होते.

हेडफोन लावला.

आरडाओरडा नव्हता. एक माणूस आणि एक गिटार, बस. सावकाश गात होता. एक शब्द कळत नव्हता, पण मी सांगायचंच विसरले. गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिले.

"कसंय?"

आता काय सांगू? चांगलं होतं. इतक्या वर्षांचा कचरा ऐकल्यावर नेमकं त्या दिवशी चांगलं निघालं.

कानाशी जाऊन ओरडले, "छान आहे दादा! एकदम छान!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला,

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही! गाणं छान आहे म्हणतेय मी!"

"बरं," म्हणाला.

मग वहिनीला जवळ बोलावलं आणि तिचा हात हातात घेतला. चार माणसांत असं कधी केलं नव्हतं त्याने. वहिनी लाजली बिचारी. तिला काय माहीत.

त्याच आठवड्यात दादा गेला.

आज इतक्या वर्षांनीही माझा जीव नुसता चडफडतो. अरे, गाणं चांगलं असू शकतं. डॉक्टरही काहीतरी बोललेले असू शकतात. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं ना!

पण याला कोण समजावणार? जन्मभर भिकार म्हटलं, ते सगळं खरं मानलं. आयुष्यात एकदा छान म्हटलं, तर त्यातून ह्याने स्वतःचं मरण ऐकलं.

आणि बरोबर ऐकलं. त्याचाच जास्त राग येतो.

दादा, तुला मनापासून नमस्कार.

आईशप्पथ सांगते, ते गाणं खरंच छान होतं.