मॅडमचा अभिप्राय

"आपण फक्त मांडायचं गं. ठरवणारे वर बसलेत." फाईलची नाडी बांधता बांधता मॅडम हे दिवसातून चारदा तरी म्हणायच्या, आणि गाठ अशी मारायच्या की सोडवताना साहेबांची नखं तुटावीत.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्य सरकारच्या कार्यालयात माझं टेबल त्यांच्या समोर. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेलच. टिप्पणी लिहावी तर त्यांनीच: वस्तुस्थिती, नियम, पर्याय अ, पर्याय ब, आणि शेवटी "आदेशार्थ सादर". स्वतःचं मत मात्र इतक्या वर्षांत एकाही कागदावर नाही. मी एकदा उत्साहाच्या भरात "पर्याय ब योग्य वाटतो" असं लिहिलं, तर त्यांनी ते खोडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फाईलवर चहा सांडला होता. मत न देण्यात तोरा होता आणि, खरं सांगायचं तर, थोडी पळवाटही. अमरावतीहून इथे आल्या, नवरा लवकर गेला, मुलीला एकटीनं वाढवलं. चूक अंगाशी येऊ द्यायची नाही, एवढं त्या पक्कं शिकल्या होत्या.

गेल्या वर्षी पाठदुखीचं निमित्त झालं आणि रक्ताचा कर्करोग निघाला. लवकर सापडला, इंजेक्शनांना दादही चांगली मिळाली. मग गुरुग्रामच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक प्रत्यारोपण: स्वतःच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, जबर केमो घ्यायची आणि त्या पेशी परत अंगात सोडायच्या. त्यात तीन-चार आठवडे बंद खोली आणि जंतुसंसर्गाची धास्ती. दुसरा, पेशी गोठवून ठेवायच्या आणि रोजच्या गोळ्यांवर रोग दाबून धरायचा. तो उलटला तर तेव्हा प्रत्यारोपण, पण तेव्हा शरीर साथ देईलच असं नाही. पंधरा दिवसांत कळवा, म्हणाले.

मॅडमनी काय करावं? टिप्पणी लिहिली! रिपोर्टांना खुणेच्या कागदी पताका लावल्या, अ आणि ब समोरासमोर मांडले, खाली "आदेशार्थ सादर" लिहिलं आणि फाईल डॉक्टरांपुढे ठेवली. मी सोबत होते. डॉक्टरांनी ती मराठी टिप्पणी अडखळत का होईना, पूर्ण वाचली, हे विशेष.

"मॅडम, दोनों रास्ते ठीक हैं. फैसला आपका है."

परतताना मेट्रोत त्यांनी फाईलची नाडी पुन्हा घट्ट बांधली.

मग फाईल मुलीपुढे गेली. ती दिल्लीत वाढलेली. "आदेशार्थ म्हणजे काय?" तिनं विचारलं, आणि अर्थ कळल्यावर भडकली. "आई, यार, हे मी नाही ठरवणार. बिल्कुल नाही. उद्या काही झालं तर मी काय करू?"

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा फाईल माझ्या टेबलावर आली.

"तू बघतेस का जरा? कुणीतरी सही करायलाच हवी ना."

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त त्यांचा राग आला. मी लाल पेन घेतलं आणि समासात लिहिलं: "स्वतःच्या अभिप्रायासह फेरसादर करावे."

वाचून त्या खळखळून हसल्या. मग फाईल मिटून जवळ ओढली.

"मले भीती वाटते गं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेऱ्याखाली त्यांनी लिहून आणलं होतं: "अंगात ताकद आहे तोवर प्रत्यारोपण करून घ्यावे. मला मुलीजवळ अजून पुष्कळ राहायचे आहे." खाली सही, तारीख. त्यांचं अक्षर वाकडं आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पेशी अंगात सोडल्याला आज सोळा दिवस झाले. एव्हाना रक्तातल्या पेशींचे आकडे वर यायला हवे होते. ते आलेले नाहीत आणि तापही उतरत नाही. निर्णय त्यांचा होता, सही त्यांची होती, असं मी स्वतःला समजावते. पण गोळ्यांवर राहिल्या असत्या तर आज समोर बसून माझ्या टिप्पणीतल्या चुका काढत असत्या, हेही मनातून जात नाही. मुलगी काचेबाहेर बसून असते. रोज सकाळी आकडे कळले की ती मला फोन करते. रिंग वाजते, पण माझा हात चटकन पुढे होत नाही.