शाळेत आईला बाई म्हणायचं

आई आमच्याच गावच्या शाळेत शिकवायची. महाळुंगे पडवळपासून चालत अर्ध्या तासावर चार खोल्यांची कौलारू शाळा. चौथीचा वर्ग तिच्याकडं. नव्वदीच्या दशकात मीही एके वर्षी त्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच दिवशी माझी वेणी घालताना तिनं बजावलं, "शाळेत मला आई म्हणायचं नाही. बाई म्हणायचं. मी तुला झुकतं माप देते असं कोणाला वाटता कामा नये."

ते कोणाला वाटलंच नाही. मी हात वर केला की सगळ्यांना विचारून झाल्यावर माझा नंबर यायचा, आणि तोवर उत्तर कोणीतरी देऊन टाकलेलं असायचं. गणितं बरोबर आली तर शेजारणीला शाबासकी आणि मला, "अक्षर सुधार." घरी आल्यावर ती पुन्हा आई व्हायची खरी, पण तोपर्यंत दमलेली असायची.

दिवाळीनंतर वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे आईवडील पश्चिमेकडच्या डोंगरातून खाली एका बागायतदाराच्या मळ्यात कामाला आले होते. पावसाळ्यापर्यंत राहणार होते. तिला पाढे येत नव्हते, पण बोलायला लागली की अख्खा वर्ग गप्प व्हायचा. त्यांच्याकडं चार-चार महिने सूर्य कसा दिसत नाही, बायका भर पावसात इरलं पाठीवर घेऊन भाताची रोपं लावायची आवणी कशी करतात, आणि एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात झऱ्यावर रांग कशी लागते, हे ती असं सांगायची की डोळ्यापुढं उभं राहायचं. आई खडू हातात तसाच धरून ऐकत राहायची.

मोठ्या सुट्टीत आई तिला पायरीवर बसवून तिचे केस विंचरायची. फणी आमच्या घरची होती. माझी होती. मी समोरच्या लिंबाखाली डबा उघडून बसायचे आणि घास तोंडात फिरवत राहायचे.

घरी जेवतानासुद्धा तिचंच. "आज त्या पोरीनं काय उत्तर दिलं माहितीये का?" आई वडिलांना विचारायची.

"आणि आपलीनं?" वडील हसायचे.

"हिचं काय, ही ठीक आहे."

उन्हाळ्याच्या तोंडावर मंचरला वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता पाणी. आईनं तिलाच निवडलं. ती सांगेल तसं लिहून घेतलं, नीट लावलं, आणि रोज शाळा सुटल्यावर म्हणून घेतलं. मी दप्तर घेऊन दाराशी थांबलेली असायचे, आईबरोबर घरी जायला. महिनाभरात ते भाषण मला शब्दन् शब्द पाठ झालं. कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी कळलं की स्पर्धा अकराऐवजी नऊला सुरू होणार. आईला मुख्याध्यापकांकडं काम होतं. ती मला म्हणाली, "मळ्यात जा आणि तिला सांग, उद्या सातला फाट्यावर ये."

मी निघाले. वाटेतल्या विहिरीपर्यंत गेले आणि मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्याच्या कडेला बसले. पाणी बघितलं, खडे टाकले. ठरवून असं काही केलं नाही. नुसती बसून राहिले आणि परत आले.

"सांगितलंस?"

"हो."

सकाळी आई आणि मी फाट्यावर उभ्या होतो. मला ती बरोबर नेतच होती, मंचरला मावशी राहायची. एक जीप सोडली, दुसरी सोडली. मळा नदीच्या पलीकडं, जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. आई सारखी त्या रस्त्याकडं बघत होती. तिसरी जीप आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुला येतं ना ते?"

मला येत होतं. मी स्टेजवर उभी राहिले आणि जन्मात न पाहिलेल्या गावाला माझं गाव म्हणाले. आमच्या आवणीचं सांगितलं. आमच्या दारात बारमाही कॅनॉलचं पाणी होतं, तरी झऱ्यावरच्या रांगेचं बोलताना माझा आवाज भरून आला. दुसरा नंबर मिळाला, कंपासपेटी मिळाली. बोलताना मी आईला शोधत होते. ती मधल्या रांगेत बसली होती आणि मान वळवून दाराकडं बघत होती.

परतताना फाट्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "तू घरी जा," आणि स्वतः मळ्याकडं चालू लागली. दिवेलागणीला आली. पाय धुतले, तोंड पुसलं.

"तू मळ्यात गेलीच नव्हतीस."

मी कंपासपेटी पाठीमागं घेतली.

"माझंच चुकलं. तुझ्यावर सोपवायला नको होतं."

मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत हजेरीपट नेऊन द्यायला, खडूची पेटी आणायला तिनं मला सांगितलं नाही. ती मुलगी पाऊस लागायच्या आत आईवडिलांबरोबर डोंगरात परत गेली.

पुढं बऱ्याच वर्षांनी आई रिटायर झाली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात मांडव घातला आणि एकेक जण उठून बोलू लागला. नारायणगावला टोमॅटोचा व्यापार करणारा एक जण म्हणाला, वडील शाळेतून काढणार होते तेव्हा बाई सलग आठ दिवस घरी येऊन बसल्या. एक म्हणाला, बाईंनी वर्षभर आपला अर्धा डबा मला दिला. मी ऐकत होते. ही बाई मला कधी भेटली नव्हती. प्रत्येकाजवळ तिचा एकेक तुकडा होता आणि मी, तिच्या पोटची, पुढच्या खुर्चीत बसून मुठी वळत होते.

मग ती, मळ्यातली मुलगी, उठली. डोंगरातल्याच एका आरोग्य उपकेंद्रात नर्स झालेली, काखेत वर्षाचं मूल.

"स्पर्धेचा टाइम बदलला आन मला कळलंच न्हाई," ती म्हणाली. "मी लई रडले. सांजच्याला बाई मळ्यात आल्या. म्हणल्या, निरोप द्यायचा माझ्याकडूनच राहिला गं, चूक माझी. मग म्हणल्या, आता म्हणून दाखव. कांदा निवडणाऱ्या बाया, माझी आय, बा, समदी बसवली. बाई बी तिथंच मातीत बसल्या. मी भाषण म्हणलं. झाल्यावर म्हणल्या, परत म्हण. तीनदा म्हणायला लावलं मला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं मान खाली घातली होती. शाळेत माझ्यासाठी कधी अर्धा मार्क न वाढवणारी ती त्या संध्याकाळी माझ्यासाठी खोटं बोलली होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की मला ती एकदाही परत म्हण म्हणाली नव्हती.

जेवणाच्या वेळी मी त्या नर्सला गाठलं आणि सांगून टाकलं. "निरोप माझ्याकडं होता. मी आलेच नाही."

तिनं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग भाषण कुणी केलं?"

"मी."

"माझंच?"

"तुझंच."

"आवणीचं बी म्हणलीस?"

"म्हणाले."

"येती का तुला आवणी?"

"नाही."

ती हसली, पण फार नाही. मुलाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "बाईंना सांगू नगं मला कळलं म्हणून. त्यांनी झाकून ठिवलंय, तर राहू दे झाकलेलं."

मी कबूल झाले, आणि अजून पाळलंय. त्या दिवशी तिनं आईचा मोबाइल नंबर घेतला. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. आई फोन घेऊन ओसरीवर जाते, अर्धा-अर्धा तास बोलते, मोठ्यानं हसते. माझा फोन असला की "जेवलीस का" विचारून वडिलांकडं देते. काय म्हणत होती ती, असं मी विचारलं तर म्हणते, "काही नाही गं, तिचं आपलं चाललेलं असतं."

रविवारी सकाळी मी फोन लावला आणि बिझी लागला, की कोण बोलतंय हे मला कळतं. मी ठेवून देते आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावते. कधी कधी दोनच मिनिटांनी.