भीमरावांनी पास केलेली तेरा घरं

भीमराव जन्मभर धारवाडच्या सप्तापुरात भाड्याच्या घरात राहिले आणि दुसऱ्यांची घरं तपासत राहिले. पंचायतीचे ज्युनिअर इंजिनिअर. सिमेंटात माती किती, हे बोटाने चोळून सांगत. कंत्राटदार त्यांना टरकून असत. पण दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि शिडी सुटली. ऑफिसात ते कुणाला बोलले नाहीत. आता तर निवृत्तीला चारच महिने राहिलेले, तेवढ्यासाठी कोण बोंबलणार?

गेल्या उन्हाळ्यात अळणावरजवळच्या एका वाडीवर जंगलातला वणवा उतरला आणि चौदा झोपड्या गेल्या. सरकारने पक्की घरं बांधून दिली. अट एकच कडक होती. आमच्याकडे चुलीचा धूर जावा म्हणून भिंत आणि पत्रा यांमध्ये वीतभर फट ठेवतात. तिथूनच ठिणग्या आत शिरतात. तिला बारीक जाळी हवी. भीमरावांनी खालूनच मान वर करून पाहिलं. फटी बंद, वर पांढराशुभ्र चुना. आत जाळी असणारच, असं धरून तेरा घरांवर सह्या झाल्या.

चौदावं घर भागीरथीचं. तिचा नवरा त्या वणव्यात बैल सोडवायला गेला तो गेलाच. तिने ताक दिलं आणि खाली बघत म्हणाली, "अण्णा, खोटं कशाला बोलू? जाळी आलीच नाही. फटीत गोणपाट कोंबलंय, वरून चुना मारलाय. सगळ्यांनीच तसं केलंय, तुम्ही पास करावं म्हणून."

वरून कीर्तन, आतून तमाशा. सुक्या गोणपाटाला एक ठिणगी पुरे, त्यापेक्षा उघडी फट बरी होती. भीमरावांनी वळून पाहिलं. समोरच्या डोंगरावर सकाळपासून धूर दिसत होता.

ऑफिसातल्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, सह्या झाल्यात, उगाच उकरू नका. वनखात्याची माणसं डोंगरापलीकडे आग झोडपत होती. मग भीमराव दारोदार फिरले. गोणपाट काढा म्हणाले, तर लोकांना वाटलं, घर नापास करायला आलेत. निदान बाहेर पडा म्हणाले, तर बायका हसल्या. मागच्या वेळी पळालो आणि सगळं गेलं, आता सरकारने तपासलेलं घर सोडून कुठे जायचं?

भागीरथीचा जावई योगेश आपल्या घराच्या दारात आडवा उभा राहिला. आत त्याची बायको सरिता तान्ह्या लेकराला पाजत होती.

"तुम्हीच पास केलंय की हो साहेब. आता कशाला भिता?"

भीमरावांनी तोंडावरचा घाम पुसला. नोकरी, पेन्शन, एवढ्या वर्षांचं नाव, खरं सांगितलं की सगळं एका वाक्यात जाणार हे त्यांना कळत होतं.

"मी शिडी चढलोच नाही, योगेश. एकाही घरात नाही."

योगेशने शिडी आणली. भागीरथीने ती धरली आणि भीमराव रडत, कण्हत वर चढून गोणपाट उपसू लागले. भागीरथीचं घर मोकळं झालं, योगेशचं झालं, शेजारच्या म्हातारीचं झालं. बाकीच्यांनी कड्या लावून घेतल्या. लाच मिळाली नाही म्हणून म्हातारा बिथरलाय, असं कुणीतरी आतून म्हणालं.

चौथ्या दाराशी ते हात जोडून उभे होते तेव्हा डोंगरावरून वारा सुटला आणि अंगणात काळी राख पडू लागली. अकरा घरं राहिली होती. अकराही घरांवर त्यांची सही होती, आणि त्या सहीच्या भरवशावर माणसं आत बसली होती.