जिंकणाऱ्यावर बसलेला खर्च

पेंटरचं अक्षर म्हणजे एक नंबर. दुकानाची पाटी रंगवायची तर त्याच्याचकडून, असं अख्ख्या बाजाराचं मत. स्वभाव मात्र महा हेकट. वडिलांच्या घराची वाटणी झाल्यावर अर्ध्यात तो नि बायको राहत, अर्ध्यात त्याची थोरली बहीण एकटी. ताईच्या स्वयंपाकघरात उजेड नव्हता, म्हणून तिनं त्याला न विचारताच त्याच्या अंगणाकडे खिडकी पाडली. झालं! अंगणात वाळत ठेवलेल्या पाट्यांच्या ओल्या रंगावर तेलकट धूर बसू लागला, दोन पाट्या वाया गेल्या आणि पेंटरचं डोकं फिरलं.

त्यानं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा ताईनं चूक कबूल केली. दुसऱ्याच दिवशी तिचा गवंडी विटा घेऊन अंगणात आला. पण भाऊ इरेला पेटला होता.

"चल, नीघ! आता बुजेल ती कोर्टाच्या हुकमानंच," म्हणत त्यानं गवंड्याला हाकलून लावलं. ताईची जिरवायची, तीही चारचौघांत. त्यानं दावा ठोकला, पण गवंड्याला हाकलल्याचं स्वतःच्या वकिलालाही सांगितलं नाही.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. खिडकी बुजवा, असा हुकूम झाला. त्याच्या वकिलानं लगेच खर्च मागितला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च सोसायचा, ही नेहमीचीच रीत.

जजबाईंनी ताईला विचारलं, "बुजवायची तयारी होती म्हणता, मग खटला होईपर्यंत का थांबलात?"

ताई घुटमळली. "गवंडी पाठवला होता. परत आला."

"कुणी पाठवला परत?"

ताईनं भावाकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. तेव्हा मात्र त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"मीच," तो पुटपुटला.

"मग हा खटला तुम्हीच ओढवून घेतलात," जजबाई म्हणाल्या. "हक्क तुमचा खरा, म्हणून निकाल तुमचा. पण खर्च कुणावर टाकायचा, हे ठरवताना कोर्ट माणसाची वागणूकही बघतं. बहिणीचा खर्च तुम्ही द्यायचा. तुमचा तुम्हीच सोसा."

बाहेर आल्यावर वकील त्याच्याशी धड बोललाही नाही. बाजारात जो तो पाठ थोपटायचा, "जिंकलास ना गड्या!" तो नुसता मान डोलवायचा नि ब्रश धुवायला वळायचा. शेवटी बायकोपाशी त्याचा बांध फुटला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगताय? पलीकडे जा."

तो पैसे घेऊन ताईच्या दारात उभा राहिला. खिडकी बुजली होती. भरदुपारी दिवा लावून ती भाजी चिरत होती.

"ताई, पुन्हा उघड ती खिडकी. मी पाट्या पुढच्या पडवीत वाळवीन."

"नको रे बाबा. सवय झालीय आता मला," ती म्हणाली. पैसे मात्र तिनं घेतले. तिच्या वकिलाचे द्यायचे राहिले होते. "बस ना," म्हणाली. तो बसला खरा, पण तिच्याकडे मान वर करून बघणं काही त्याला जमलं नाही.