सभा आणि उपासना

शांतवन गेल्याचं मला आष्ट्याच्या एस.टी. स्टँडवर कळलं. जुन्या गावचा एक ओळखीचा भेटला. "आवं गुरुजी, तुमचं शांतवन मास्तर गेलं की! सांगलीत, झोपंतच." 'तुमचं' म्हणाला तो... माझी मान खाली गेली. माती होऊन तीन दिवस झाले होते.

साताऱ्याला मास्तरकीचं शिक्षण घेताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी तोंडाळ, तो मोजकं बोलणारा. पहाटे उठून भजन म्हणायचा. मी पांघरुणातून ओरडायचो, "अरं, तुझा देव बहिरा हाय व्हय?" तो हसायचा. "देव न्हाई रं, तू हायस. तुला उठवतोय." पुढे कडेगावच्या बाजूला एकाच शाळेत नेमणूक झाली तेव्हा मला कोण आनंद झाला! गावात ख्रिस्ती घरं सहा, चर्च नाही. रविवारी सगळे शांतवनच्या सोप्यात जमायचे, पेटी वाजायची. मी उशिरा टपकलो की त्याची म्हातारी आई म्हणायची, "गुरुजी, सभंला न्हाई आलासा? चा तरी घ्या." प्रार्थनेला ती माणसं सभाच म्हणत. ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तोच शब्द बसला.

मग आणीबाणी आली. एका दुपारी नवे फौजदार शाळेत आले. मुख्याध्यापक रजेवर, म्हणून मी पुढे. "गावात कुठं माणसं जमतात का?" मी आपला ऐटीत म्हणालो, "तसं काही नाही साहेब. रविवारी शांतवन मास्तरांकडे सभा असते, तेवढीच." झालं! त्या दिवसांत सभा म्हणजे काय, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी जीभ चावली, पण 'अहो, देवाची गाणी म्हणतात' एवढं सांगायला तोंड उघडलं नाही. रविवारी शांतवनच्या दारात पोलीस उभा. पाचाच्या वर माणूस जमायचा नाही, पेटी बंद. त्याच महिन्यात देवळातला सप्ताह लाऊडस्पीकर लावून दणक्यात झाला. ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

शांतवन माझ्याकडे आला. रागावला असता तर बरं झालं असतं. "दत्तू, चुकून गेलं तोंडातून, मला ठाऊक हाय. ठाण्यात जाऊन एवढंच सांग, ती सभा न्हवं, उपासना असती. माझं ऐकत न्हाईत, तुझं ऐकतील." म्हातारीनं अंथरूण धरलं होतं. सगळ्यांच्या सोबत बसून एकदा प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थनेतली भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं, एवढीच तिची इच्छा राहिली होती. "उद्या जातो," मी म्हणालो. उद्या गेलो नाही, परवाही नाही. कुठल्या ना कुठल्या गावचे मास्तर निलंबित झाल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या. भ्यालो मी, साफ भ्यालो. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा "बघतो" म्हणालो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही... महिन्याभरात म्हातारी गेली. उशाशी घरचीच चौघं होती.

पुढे त्याची सांगलीला बदली झाली, विश्रामबागेत बिऱ्हाड केलं. दर नाताळला कुणाच्या तरी हाती फराळाचा डबा यायचा, आणि मी निर्लज्जासारखा करंज्या खायचो.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी स्मरणाची उपासना झाली. मी मागं बसत होतो, तर वहिनींनी बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं. जमलेल्यांना म्हणाल्या, "हे दत्तू गुरुजी. आमची उपासना बंद पडली तवा नोकरीची पर्वा न करता हे फौजदाराकडं गेलं हुतं. त्यांनी ऐकलं न्हाई, पर हे गेलं. मास्तरांनी आत्तीला, माझ्या सासूला, सांगितलं तवा तिनं ह्यांच्यासाठी हात जोडलं. दर रविवारी मास्तर प्रार्थनेत ह्यांचं नाव घ्यायचं. आता मी घेते."

उभ्या आयुष्यात शांतवन एकदाच खोटं बोलला. मरणाऱ्या आईसाठी, की माझ्यासाठी... विचारायला तो नाही. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. तिथंही मी गप्प राहिलो, चहा घेतला आणि निघून आलो. धिक्कार असो माझ्या जिभेचा! नको तिथं सुटली, हवी तिथं टाळ्याला चिकटली.

वहिनी, हे छापलेली वर्तमानपत्राची पुरवणी रविवारी तुमच्या घरी येईल. उपासनेला बसण्याआधी एवढं वाचा. मी ठाण्यात गेलोच नव्हतो.