पाखरू आत, माणूस बाहेर

टीचरच्या घरात माणसाला पायरीपर्यंतच मुभा होती. मसुऱ्याहून, मालवणाहून कुणी जखमी पक्षी खोक्यात घालून आणला, की त्या खोकं हिसकावून घेत आणि म्हणत, "पाखरू माका दी. तू भायर रव." मग आणणाऱ्याची हजेरी. बगळा जाळ्यात सापडलेला असेल तर जाळं कुणाचं, ते किनाऱ्यावर कुणी टाकलं. आम्ही सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे नातवंडं असलेला माणूसही मुकाट ऐकून घेई.

पोपटाची पिल्लं आली की टीचर पेजेची शितं स्वतः चावून ओठांनी त्यांच्या चोचीत भरवत. मी त्यांचा शेजारी. कितीदा सांगितलं, "टीचर, सिरिंज घ्या, हातमोजे घाला, तुम्हाला साखरेचा आजार आहे." तर स्वतःला पिल्लांची आई समजून मलाच म्हणत, "आवशीक हातमोजे असतत काय रे?" मला त्यांचा अजून राग येतो. एवढी शहाणी बाई, पण या बाबतीत ऐकेल तर शपथ.

गेल्या आंब्याच्या हंगामात पिल्लांच्या तोंडात सायीसारखा पांढरा थर धरू लागला. गुरांच्या डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं. एरवी त्यानं पिल्लं बरी होत, या वेळी एकेक करून मेली. मग तोच थर टीचरच्या जिभेवर आला. घास गिळवेना, ताप उतरेना. मी त्यांना गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यीस्टच्या जातीची बुरशी रक्तात गेलीय आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाही." मग विचारलं, "तुमच्याकडे आंब्याच्या बागा आहेत का?" मोहरावरच्या भुरीवर, म्हणजे तिथल्या बुरशीवर, फवारतात त्यांतली काही औषधं आणि माणसाला देतात ती, एकाच कुळातली. फवाऱ्यातून वाचलेली बुरशी माणसाच्या औषधालाही जुमानत नाही. "इथे तेच झालं, हे मी सिद्ध करू शकत नाही," असंही त्या म्हणाल्या.

मला सिद्ध करायची गरज वाटत नाही. ती पिल्लं ज्या झाडाच्या ढोलीतून आली, ते बाबीच्या बागेत होतं. बाबी म्हणजे टीचरच्या कुंपणापलीकडचा बागायतदार. डब्यावरचं माप त्याला कधी पटलं नाही. "जरा चढ घातला काय भुरी येवची नाय," म्हणत तो अंदाजानं औषध ओतायचा. टीचर कुंपणावरून ओरडत, "बाबी, औषध घालतंस काय पाणी शिपतंस?" तो हसायचा. आम्ही सगळेच हसायचो.

टीचर परत आल्या नाहीत. मयताच्या दिवशी चर्चच्या आवारात बाबी सांगत होता, "पाखरांनी मारल्यानी टीचरक. ते पिंजरे पयले जाळूक व्हये." आणि ज्यांनी ती पाखरं त्यांच्या दारात आणून टाकली, तेच माना डोलवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळीच मी पिंजरे माझ्या पडवीत आणले.

परवा बाबी माझ्या दारात आला. हातात आंब्याची पेटी, पेटीत पंख मोडलेलं घुबड. बागेत उंदीर माजलेत, हे जगलंच पाहिजे, म्हणाला, आणि पायरी चढू लागला. मी हातमोजे घातले.

"पाखरू माका दी," मी म्हटलं. "तू भायर रव."

त्यानं पेटी माझ्या हातात दिली आणि तो पायरी उतरला. टीचर असत्या तर त्यांनी निदान हजेरी तरी घेतली असती. मी दार लावून घेतलं.