बायजेची डहाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला तर नाहीच. त्याच्यापुढे हात जोडले की मी पावसापाण्याचं बोलत सुटतो. तुम्हाला सांगतो. मध्येच उठून गेलात तरी राग मानणार नाही.

टेंभी नाक्याजवळ माझं भात-तांदळाचं दुकान आहे. लोक मला चांगला माणूस म्हणतात. घोडबंदरच्या रस्त्याला माजिवड्याच्या पुढे एक घर आहे, तिथे तर मला देवमाणूस म्हणतात. हिरू आणि बायजा यांचं घर. हिरूला एक पाय नाही. दर दिवाळीला मी त्यांना तांदूळ पाठवतो. करून करून भागला आणि देवपूजेला लागला — ही म्हण माझ्यासारखा एखादा बघूनच कुणीतरी केली असणार.

हिरूचा पाय गेला तेव्हा मी तरुण होतो आणि माझ्याकडे दमणी होती — माणसं बसायची हलकी बैलगाडी. बैल खिल्लारी, पांढरेशुभ्र, गळ्यात घुंगुरमाळा. बायकोपेक्षा मी त्यांच्याकडे जास्त बघतो असं घरात म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

आमच्या रस्त्याची एक रीत आहे. गाडी मोडून वाटेत उभी राहिली की गाडीवान आधी चाकाकडे बघत नाही. आधी झाडाची डहाळी तोडायची आणि गाडीच्या दोन्ही अंगांना, बरीच अलीकडे, रस्त्यात आडवी टाकायची. येणाऱ्यानं ती दिसताच खाली उतरायचं. एका हातात बैलाची वेसण, दुसऱ्या मुठीत घुंगुरमाळ, आवाज होऊ नये म्हणून, आणि मोडक्या गाडीच्या बाजूनं पायी चालत जायचं. सरदार असो की सावकार, उतरायचं म्हणजे उतरायचं. गाडीखाली माणूस असतो ना!

त्या दिवशी माझ्या शेजारी मेहुणा बसला होता. कल्याणचा, बायकोचा थोरला भाऊ, जिभेला हाड नसलेला माणूस. ठाणं सोडल्यापासून माझ्या बैलांना नावं ठेवत होता. दिसायला देखणे, पोळ्याला मिरवायचे, पळायचे नव्हेत म्हणे. मी बैलांना पळवलं. उतावळेपणा म्हणा, मूर्खपणा म्हणा.

वळणावर हिरूची मिठाची गाडी मोडून पडली होती. एक चाक काढलेलं, गाडी दगडांच्या थरावर टेकवलेली, आणि हिरू आडवा होऊन तिच्याखाली शिरलेला. बैल सोडून मागे गाडीलाच बांधले होते. बायजा पलीकडे, पुढच्या अंगाला गेली होती. आमच्याकडे तिची पाठ होती.

आणि अलीकडे — हे मी कितीदा मनात म्हटलंय, तरी जीभ अडते.

मेहुणा म्हणाला, “काय भावोजी, दमले वाटतं तुमचे बैल?”

बस, एवढंच. एवढ्याशा बोलण्यावर माणूस काय करून बसतो! मी कासरा ओढला नाही. घुंगरांचा कल्लोळ करत आम्ही त्या गाडीला जवळजवळ घासून गेलो. तिचे बैल बुजले, त्यांनी हिसका दिला, दगडांवरून गाडी घसरली. मागून जी किंकाळी आली ती ऐकून माझेच बैल थांबले. मी नाही थांबवले.

मी परत धावलो, हे खरं आहे. शेतातली माणसं जमली, आम्ही गाडी उचलली, हिरूला माझ्या दमणीत घातला आणि ठाण्याच्या इस्पितळात नेला. गुडघ्याखालून पाय काढावा लागला, पण जीव वाचला. देवमाणूस मी असा झालो.

पण त्याला दमणीत घालण्यापूर्वी कुणीतरी विचारलं होतं, डहाळी टाकली नव्हती का? सगळे रस्त्याकडे बघायला लागले. रस्त्यावर काहीच नव्हतं. बायजा रडत, ओरडत सांगत होती, “टाकली व्हती! करंजाची व्हती, मीच टाकली!” माणसांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाजूनं आलो होतो तो मीच.

मी म्हणालो, नव्हती. असती तर मी उतरलो नसतो का?

ती डहाळी माझ्या चाकात होती. आऱ्यांमध्ये अडकून, पानं चुरगळून, माझ्याबरोबर फरपटत आली होती. सगळे हिरूला उचलण्यात गुंतले तेव्हा मी ती ओढून काढली आणि पायानं चरात ढकलली. मेहुण्यानं पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा कधी माझ्या बैलांना नावं ठेवली नाहीत, आणि गेल्या वर्षी काही न बोलता वारला.

पुढे काय झालं असेल, तुम्हीच सांगा. नवऱ्याचा पाय बायकोच्या आळसानं गेला असं गावानं ठरवलं. सासूनं मरेपर्यंत ऐकवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! बायजा मात्र कंबर बांधून उभी राहिली. तिनं स्वतः गाडी हाकायला घेतली. मिठाच्या गोणी घेऊन ती ठाण्याला येते आणि बाजारातले गाडीवान तिला वाट देतात. हिरू ओटीवर बसून दोर वळतो, विनोद करतो, भेटलो की म्हणतो, “शेट, तुमी व्हता म्हनून वाचलू.” मी हसतो. हसण्यासारखा हलकटपणा नाही, हे मला त्या ओटीवर कळलं.

तरीही मी गप्प राहिलो असतो. माझी सवय पक्की झाली होती. पण परवा त्यांच्या दारात गेलो तेव्हा बायजा नव्या सुनेला गाडी जुंपायला शिकवत होती. मला पाहिलं नव्हतं तिनं. सुनेला म्हणत होती, “आदी डहाली, मंग चाक. मी एकदा इसरले, तं तुज्या सासऱ्याचा पाय गेला.”

मी इसरले! ऐकलंत? इतकी वर्षं जी बाई टाकली होती म्हणून भांडली, तिला आता स्वतःलाच तसं वाटायला लागलंय. माझं खोटं तिच्या आठवणीत जाऊन बसलंय. मी तिथूनच मागे फिरलो.

पण एक गोष्ट चांगली आहे, आणि तिनं मला दोन दिवस झोप दिली आहे — खूप दिवसांनी. ती दोघंही जिवंत आहेत. ऐकायला माणूस आहे, वेळ गेलेली नाही. सून नवी आहे, तिनं सासूची खरी गोष्ट ऐकून या रस्त्यावर गाडी हाकावी. उद्या त्यांच्या गावदेवीची जत्रा आहे; बायजेला बोल लावणारे आणि ते ऐकून गप्प बसलेले, सगळे तिथे भेटतील. मी पायी जाणार आहे. तांदूळ नेणार नाही. आधी बायजेला सांगेन, मग देवळापुढे गावाला. क्षमा मागणार नाही. मागितली तर ती देईल, तशीच आहे ती, आणि तेवढाही भार तिच्यावर नको. देवमाणूस म्हणणं बंद होईल, होऊ दे.

काय बोलायचं ते घोकून ठेवलंय. बायजे, डहाळी होती. तू टाकली होतीस. मी पाहिली होती.